वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : नदीकाठचे पूरबांध

या वेळी आलेल्या पत्रांचा विषय नदीकाठचे पूरसंरक्षक बांध हा आहे. बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली आहे : बांध किती उंच हवा? उत्तरांत मात्र उंचीबद्दल कमी आणि रुंदी, पाया, पायथा यांबद्दल जास्त लिहिलेले आढळेल. त्याचे कारण उत्तरे वाचताना कळेल. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मग दोन्ही काठांना साठ फुटांचा बांध घालून हा विषय एकदाचा का संपवत नाहीत? (कृष्णाकाठचा वाचक, सांगली)

उत्तर : आधी ‘साठ फुटां’चा घोळ मिटवू. पुलावरची पट्टी तिच्या शून्यापासून मोजते आणि ते शून्य खाली नदीच्या पात्रात असते. त्यामुळे ५७ फूट म्हणजे रस्त्यावर ५७ फूट पाणी नव्हे. बांधाची उंची काढायची तर पट्टीचे शून्य समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे ते घ्यायचे, त्यात पुराची पातळी मिळवायची आणि बांध जिथून जाणार त्या जमिनीची पातळी वजा करायची. एखादी जागा नेमकी धोक्याच्या पातळीला आहे असे धरा. तिथे २०१९च्या पुरात सुमारे साडेबारा फूट, म्हणजे ३.८ मीटर पाणी उभे राहील. त्यावर मोकळी उंची ठेवावी लागते. नदीकाठच्या बांधांसाठीचे भारतीय मानक १२०९४ सांगते की पुराचा प्रवाह सेकंदाला ३,००० घनमीटरपर्यंत असेल तर दीड मीटर आणि त्याहून जास्त असेल तर १.८ मीटर उंची मोकळी ठेवा. लाटा, गाळाने वर आलेला तळ, मोजणीतली चूक या सगळ्यांची ती तरतूद आहे. म्हणजे ५.६ मीटर झाले. भराव खचणार हे धरून ६ मीटर समजू.

आता रुंदी पाहा. माथा ५ मीटर, कारण पुरात त्यावरून गाडी जायला हवी. दोन्ही बाजूंचा उतार तीनास एक, म्हणजे एक मीटर चढायला तीन मीटर आडवे. यावरून तळाची रुंदी ४१ मीटर येते. एका किलोमीटरला दाबून बसवलेली माती लागते १ लाख ३८ हजार घनमीटर. सुटी माती त्याच्या सव्वापट धरली आणि एका हायवात १५ घनमीटर मावते असे धरले, तर किलोमीटरमागे साडेअकरा हजार खेपा होतात. पायथ्याशी रस्ता आणि गटार धरून जागा लागते किलोमीटरला सुमारे ५ हेक्टर. हाच बांध ३ मीटरचा असता तर माती ४२ हजार घनमीटर पुरली असती. उंची दुप्पट केली की माती तिप्पटीहून जास्त लागते, हे सभेत भाषण करणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

माती एक वेळ मिळेल, जागेचे काय? दोन बांधांमध्ये नदीला किती जागा सोडायची याचा ढोबळ हिशेब असा : पुराच्या प्रवाहाच्या वर्गमूळाला ४.८३ने गुणायचे, येणाऱ्या रुंदीच्या किमान तिप्पट अंतर दोन बांधांत ठेवायचे. प्रवाह ६,००० घनमीटर धरला तर हे अंतर सव्वाअकराशे मीटर निघते. सांगलीचा गावभाग नदीला चिकटून आहे आणि समोर सांगलवाडी. इतकी जागा सोडायची तर बांध वस्तीच्या पोटातून काढावा लागेल. जागा न सोडता बांध घातला तर तेच पाणी अरुंद वाटेने जाताना आणखी वर चढते आणि वरच्या अंगाच्या गावांत पसरते. एकाच काठाला घातला तर समोरचा काठ ते भोगतो. शिवाय थोडे खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. ती भरून आली की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला वाव राहत नाही आणि फुगवटा मागे येतो. हा फुगवटा बांधाने कमी होत नाही.

शेवटी आतल्या पाण्याचा प्रश्न. बांध बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तसे आतलेही बाहेर जाऊ देत नाही. शेरी नाल्यासारख्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी झडप लागेल आणि नदी चढली की ती मिटेल. त्याच वेळी शहरात ५ चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५ लाख घनमीटर पाणी आत अडकते. एका दिवसात ते उपसायचे तर सेकंदाला जवळपास ५.८ घनमीटर उपसणारे पंप लागतात, आणि पुरात महावितरणची वीज गेलेली असणार हे धरून तेवढ्या ताकदीचे डिझेल जनित्रही.

मग काहीच करता येत नाही का? येते. पाणीपुरवठा केंद्र, रुग्णालय, वीज उपकेंद्र किंवा दाट वस्तीचा एखादा तुकडा यांच्याभोवती पंपघरासह छोटा बांध किंवा काँक्रीटची भिंत घालता येते. शेतजमिनीसाठी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर आणि शहरासाठी १०० वर्षांतून एकदा येणारा पूर धरून बांधाची आखणी करतात. आपल्याकडच्या निळ्या आणि लाल पूररेषा याच दोन पुरांच्या आहेत. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम होऊ न देणे हे बांधापेक्षा स्वस्त पडते. दोन्ही काठांना सलग बांध घालावा अशी शिफारस आम्ही तरी करणार नाही.

प्रश्न : आमच्या गावाला नदीकडून मातीचा बांध मंजूर झाला आहे. ठेकेदार शेजारच्या शेतातली काळी माती जेसीबीने टाकत सुटला आहे. काळी माती चांगली घट्ट असते, त्यामुळे चालेल असे तो म्हणतो. गावकऱ्यांनी काय तपासावे? (गोदाकाठचे वाचक, नांदेड जिल्हा)

उत्तर : काळी माती पाणी अडवते, इतपत त्याचे म्हणणे खरे आहे. पण ती उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगते. उघड्यावर ठेवलेल्या काळ्या मातीच्या बांधात मे महिन्यात भेगा पडतात आणि जूनमध्ये त्याच भेगांतून पाणी शिरते. म्हणून ती मधल्या गाभ्यात घालायची आणि वरून दोन्ही बाजूंनी मुरमाचे कवच द्यायचे. संपूर्ण बांध एकाच मातीचा करायचा असेल तर पोयट्याची, थोडी वाळू मिसळलेली चिकणमाती सगळ्यांत बरी. साधी परीक्षा करा. मूठभर माती किंचित ओली करून आवळा. लाडू वळला, हाताला चिकटला नाही आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर दोन-चार तुकडे झाले, तर ओलावा बरोबर आहे. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा झाला तर जास्त.

काम कसे व्हायला हवे ते क्रमाने सांगतो. बांधाच्या संपूर्ण तळावरून वरची १५ ते ३० सेंटिमीटर माती खरवडून काढायची. गवत, मुळ्या, शेणखत, पालापाचोळा काहीही राहता कामा नये. कुजलेल्या मुळीच्या जागी नंतर पोकळ नळी तयार होते. मग जमीन नांगरून ओली करायची म्हणजे पहिला थर तिच्याशी एकजीव होतो. मधोमध चर खणून तो गाभ्याच्या मातीने भरायचा. चर किती खोल हे खाली वाळू किती खोलवर आहे त्यावर ठरते. केवळ कागदावर दाखवायला घातलेला अर्ध्या मीटरचा चर कशालाच अडवत नाही. जुन्या बांधाला जाडी द्यायची असेल तर त्याच्या उतारावर आधी पायऱ्या पाडायच्या, नाहीतर नवा भराव जुन्या उतारावरून सरळ घसरतो.

भराव थरांनीच घालायचा. सुटी माती २० ते २५ सेंटिमीटर पसरायची, टँकरने पाणी शिंपडायचे आणि शीपफूट रोलरच्या (ढोलावर खुरांसारखे खुंट असलेल्या रोलरच्या) आठ-दहा फेऱ्या मारून ती १५ सेंटिमीटरवर आणायची. ओलावा योग्य प्रमाणाच्या दोन टक्के खाली-वर चालतो. मग त्या थरात नळकांडे ठोकून नमुना काढायचा, वजन करायचे आणि घनता प्रयोगशाळेतल्या घनतेच्या ९५ टक्क्यांपर्यंत आली का ते पाहायचे. दिवसाच्या नमुन्यांची वही कामावर असायला हवी. ती मागा, नाही म्हणाला तर काम थांबवा. जेसीबीच्या बकेटने थापणे आणि डंपर वरून नेणे याला कुणी दबाई म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

कडेचा भाग रोलरला दाबता येत नाही, कारण तिथे रोलर कलंडतो. म्हणून आखलेल्या रेषेच्या बाहेर अर्धा मीटर जादा भराव घालून नंतर तो कापून काढतात. हे जादा काम ठेकेदाराला परवडत नाही आणि म्हणून बहुतेक बांधांची वरची कातडी पोकळ राहते. पावसाळ्यात त्यावर घळी पडलेल्या तुम्ही पाहिल्याच असतील.

आणखी एक जागा हमखास फसते : बांधातून जाणारे पाइप. शेतीचा पाइप, गावाची मोरी, कुठलीही नळी. पाइपाच्या खालच्या कुशीत रोलर पोहोचत नाही, तिथे माती सैल राहते आणि पाणी पाइपाच्या अंगाने वाट काढते. तिथे हाताने धुम्मस मारून पातळ थरांत भराव करायचा आणि जमिनीकडच्या टोकाला पाइपाभोवती धुतलेल्या वाळूचा थर ठेवायचा म्हणजे पाणी आले तरी माती आणणार नाही. नंतर कुणी परस्पर बांध फोडून पाइप घालू नये यासाठी ग्रामसभेचा ठराव करून ठेवा.

माती काढायची खाण बांधाच्या पायथ्याला लागून नको, किमान २५ मीटर लांब हवी. खाणींची सलग रांगही नको, कारण पुरात तीच पायथ्याच्या कडेने वाहणारी नदी होते. म्हणून दर ५०-६० मीटरवर न खोदलेली आडवी पट्टी राखतात. काम डिसेंबर ते मे एवढ्याच दिवसांत होते. जूनच्या तोंडावर घाईने घातलेला शेवटचा मीटर सगळ्यांत कच्चा असतो आणि पुराचा धक्काही तोच खातो.

प्रश्न : आम्ही नाटोमासला राहतो. सॅक्रामेंटो नदीच्या बांधाच्या मजबुतीचे काम चालू होते, तेव्हा बांधाचा वरचा भाग चक्क कापून टाकला आणि मधोमध खोल चर खणून त्यात राखाडी चिखल भरला. मजबूत करायचा बांध आधी तोडतात का? (महाराष्ट्र मंडळाच्या सदस्या, सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया)

उत्तर : तोडतात आणि त्याला कारण आहे. त्यासाठी तिथल्या बांधांचा जन्म समजून घ्यायला हवा. १८५०नंतर सोने शोधणाऱ्यांनी जोरदार फवाऱ्यांनी डोंगरच्या डोंगर धुऊन काढले आणि सगळा राडारोडा नद्यांत आला. १८८४मध्ये न्यायालयाने तो प्रकार बंद केला, तोवर नद्यांचे तळ कित्येक ठिकाणी खूप वर आले होते. मग बांध मुद्दाम नदीला खेटून घातले. अरुंद वाटेने पाणी वेगाने जाईल आणि गाळ वाहून नेईल असा विचार होता. गाळ वाहून गेला, बांध मात्र तिथेच राहिले. नदीतूनच उपसलेल्या वाळूचे आणि वाळूवरच उभे.

त्याचा हिशेब १९८६मध्ये चुकवावा लागला. २० फेब्रुवारीला युबा नदीचा बांध लिंडा इथे फुटला, तेव्हा पुराचा कळस होऊन गेला होता आणि पाणी माथ्याच्या खाली होते. झिरपेने बांध पोखरला होता. पुढे २००३मध्ये अपील न्यायालयाने राज्याला जबाबदार धरले. जुना कच्चा बांध तपासून न घेता राज्याने आपल्या पूरयोजनेत घेतला, हा मुद्दा महत्त्वाचा ठरला. २००५मध्ये सुमारे ४६ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली.

खालून जाणारे पाणी काय करते ते पाहा. वर दोन मीटर चिकणमाती आणि तिच्याखाली वाळू अशी जमीन धरा. नदी चढली की वाळूतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि ते चिकणमातीला खालून वर ढकलते. हा दाब जमिनीच्या वर एक मीटर पाण्याइतका झाला की गुणोत्तर होते एकास दोन, म्हणजे ०.५. तिथले अभियंते पायथ्याशी एवढीच मर्यादा ठेवतात. हे गुणोत्तर ०.८ ते १च्या घरात गेले की माती तरंगू लागते, फाटते आणि बांधामागच्या शेतात वाळूचे उमाळे फुटतात. उमाळ्यातून वाळू बाहेर येते, आत बोगदा नदीच्या दिशेने मागे मागे सरकतो आणि तो नदीला भिडला की बांध खाली बसतो.

तुम्ही पाहिलेला चर या वाटेवर पडदा टाकण्यासाठी होता. रुंदी साधारण ९० सेंटिमीटर. लांब हाताच्या पोकलेनने २० ते २५ मीटर खोल जाता येते, त्याहून खोल जायचे तर वेगळी यंत्रे लागतात. चर खणताना तो बेंटोनाइटच्या, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या बारीक चिकणमातीच्या, घोळाने भरलेला ठेवतात. पाण्यात चार ते सहा टक्के बेंटोनाइट. हा घोळ चराच्या भिंतींना आतून रेटून धरतो, म्हणून लाकडी आधाराशिवाय सरळ उभा खड्डा टिकतो. मग खणलेली माती, घोळ आणि गरजेप्रमाणे कोरडे बेंटोनाइट किंवा सिमेंट एकत्र कालवून ते मिश्रण चराच्या एका टोकाकडून सोडतात. ते इतके पातळ हवे की आपोआप उताराने सरकेल, आणि इतके घट्ट हवे की घोळाला पुढे ढकलत जाईल.

माथा कापतात तो दोन कारणांनी. यंत्राला उभे राहायला दहा-बारा मीटर रुंद ओटा हवा, अरुंद माथ्यावर तो मिळत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. उंच, अरुंद बांधाच्या माथ्यापासून घोळ भरला तर त्याच्याच दाबाने जुना बांध उभा चिरतो. म्हणून उंचीचा तिसरा भाग किंवा अर्धा भाग काढून टाकतात, पडदा घालतात आणि वरचा भाग नव्या मातीने थरांत पुन्हा बांधतात. हे काम पावसाळा संपल्यावर, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, करायचे असते.

यात बिघडते काय? पडद्याचे टोक खालच्या पक्क्या चिकणमातीत मीटर-दीड मीटर शिरायला हवे. शिरले नाही तर पाणी खालून जाते. चराच्या तळाशी वाळू बसली आणि ती उपसली नाही, तर पडद्याच्या पायाशी वाळूची खिडकी राहते. जुना पाइप किंवा तार आडवी आली आणि तेवढा तुकडा सोडला, तर तिथेच नंतर पाणी जोर करते. जागा भरपूर असेल तर पडद्याऐवजी बांधामागे पायथ्याला मातीचा रुंद, बसका ओटा घालून खालचा दाब वजनाने पेलतात, किंवा पायथ्याजवळ विहिरी घेऊन तो दाब मोकळा करतात. तुमच्याकडे घरे पायथ्याला भिडलेली असल्याने पडदा हाच सोईचा मार्ग ठरतो.

प्रश्न : २००८मध्ये बिहारमध्ये कोसीचा तटबंध फुटला, तेव्हा नदीत फार पाणी नव्हते असे वाचले. हे कसे शक्य आहे? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : वाचलेले खरे आहे. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधल्या कुसहा इथे, कोसी बराजच्या (नदीवरच्या दरवाजे असलेल्या बंधाऱ्याच्या) वर सुमारे १२ किलोमीटरवर पूर्वेचा तटबंध फुटला. तेव्हा प्रवाह होता जेमतेम १ लाख ४४ हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट). तटबंधाची आखणी होती साडेनऊ लाख क्युसेकची. बिहारच्या पाच जिल्ह्यांत तीस लाखांहून अधिक लोकांना त्याचा फटका बसला. पाणी माथ्यावरून गेलेच नाही, नदीने बांध कडेने खाल्ला.

कोसी हिमालयातून अफाट गाळ आणते. तटबंधांचे काम १९५५मध्ये सुरू झाले. त्याआधी हा गाळ मैदानभर पसरत असे, नंतर तो दोन बांधांच्या मधेच साचू लागला. तळ वर आला आणि नदी बाहेरच्या जमिनीपेक्षा उंचावरून वाहू लागली. मधे बेटे तयार झाली, प्रवाह एका अंगाला ढकलला गेला आणि कुसह्याला तो थेट बांधाला भिडला. तिथे नदीत आडवे काढलेले धक्के, ज्यांना स्पर म्हणतात, ते आधीच्या दिवसांत कापले जात होते. वेळेत दगड पडले असते तर गोष्ट निराळी झाली असती.

अशा जागी बचाव होतो तो दगडाच्या सरकत्या पदराने. उतारावर ४० किलोच्या वरचे दगड बसवायचे, त्यांच्या खाली खडीचा थर किंवा जिओटेक्सटाइलची चादर ठेवायची, नाहीतर दगडांच्या फटीतून माती धुऊन जाते. उताराच्या पायाशी नदीच्या तळावर दगडांचा पदर पसरायचा. तळ जितका खरवडला जाण्याची शक्यता असेल त्याच्या दीडपट रुंद. ८ मीटर खरड अपेक्षित असेल तर पदर १२ मीटर. नदीने तळ खणला की पदरातले दगड आपोआप घसरून नव्या उतारावर बसतात. पदराची जाडी बांधाकडे पिचिंगच्या (उतारावरच्या दगडी थराच्या) दीडपट आणि नदीकडे सव्वादोनपट ठेवतात, कारण आधी सरकणारे दगड तिकडचे. स्पर घालायचे तर एकमेकांपासून त्यांच्या लांबीच्या दोन ते अडीचपट अंतरावर. एकच स्पर घातला तर तो प्रवाह वळवून खालच्या काठावर आदळतो.

परीक्षेसाठी आणखी दोन आकडे लक्षात ठेवा. बिहारमध्ये १९५४च्या सुमारास १६० किलोमीटर तटबंध होते, आज ३,७००हून अधिक आहेत. त्याच काळात पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टरांवरून ६८ लाखांवर गेले. सप्टेंबर २०२४च्या अखेरीस बराजमधून ६ लाख ६१ हजार क्युसेक पाणी आले, १९६८नंतरचे सर्वाधिक, आणि दरभंगा जिल्ह्यात किरतपूर भागात पश्चिमेचा तटबंध फुटला. दोन तटबंधांच्या मधे अडकलेल्या शेकडो गावांना तर दरवर्षीच पूर असतो. त्यांच्यासाठी तटबंध म्हणजे उघड्या कोठडीच्या भिंती आहेत.

प्रश्न : बांधावर झाडे लावली तर मुळ्या माती धरून ठेवतील ना? (शिक्षिका, वाई)

उत्तर : गवत लावा, झाडे नकोत. हरळी किंवा वाळा उत्तम. त्यांच्या मुळ्या दाट आणि बारीक असतात. बाभूळ, सुबाभूळ, वड-पिंपळ यांच्या जाड मुळ्या कुजल्या की आत नळ्या राहतात. वादळात ओल्या बांधावरचे झाड उन्मळले की मुळांसकट टोपलीभर नव्हे, गाडीभर माती घेऊन जाते. झुडपांचा आणखी एक तोटा म्हणजे त्यांच्या आड घुशींची बिळे दिसत नाहीत. बिळाच्या तोंडात माती कोंबून उपयोग नाही. ते शेवटापर्यंत खणून थरांत भरायचे किंवा सिमेंट-बेंटोनाइटचा पातळ घोळ ओतून भरायचे. मोठे झाड आधीपासूनच असेल तर नुसते कापून बुंधा ठेवू नका. मुळ्या काढून खड्डा दाबून भरा, तोही उन्हाळ्यात.

प्रश्न : आमच्या खारबंधाऱ्याच्या उघाडीतून भरतीचे पाणी शेतात येते. झडप नवीन आहे. (शेतकरी, पेण)

उत्तर : उघाडी म्हणजे बंधाऱ्यातून पाणी बाहेर सोडायची मोरी. तिची झडप वरून बिजागरीवर लटकते, खाडीकडून दाब आला की मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. गोव्याच्या खाजणातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली) मानस, म्हणजे तिथली उघाडी, याच तत्त्वावर चालते. नवी झडप गळते तेव्हा बहुधा दोष झडपेत नसून चौकटीत असतो. ओहोटीला झडप हाताने दाबून कडेने कागदाची पट्टी सरकवून पाहा. जिथे सरकते तिथे फट आहे. तिथे रबरी पट्टी बसवा. फांदी, प्लास्टिक अडकू नये म्हणून आतल्या बाजूला जाळी लावा, आणि ती आठवड्याला साफ करणारा माणूस ठरवा. तरीही पाणी येत असेल तर उघाडीच्या दगडी बांधकामाच्या बाजूने पाहा. खेकड्यांची बिळे तिथूनच सुरू होतात आणि पुढे खांड (भगदाड) पडते तीही तिथेच.

प्रश्न : पूर चढत असेल आणि शासकीय माणूस पोहोचला नसेल तर गावाने बांधावर काय करावे? पोती किती लागतील? (सरपंच, शिरोळ तालुका)

उत्तर : आधी गस्त. अर्ध्या किलोमीटरला दोघांची जोडी, विजेरी, काठी आणि मोबाइल. सगळे माथ्यावरून नदी बघत उभे राहतात. बघायचे असते ते मागच्या पायथ्याला. एकाने माथ्यावरून आणि दुसऱ्याने पायथ्याने चालावे. ओल, नव्या भेगा, उतारावर फुगवटा, पाण्याचा आवाज हे पाहा. पाणी झिरपते आहे पण स्वच्छ आहे, तर खूण करून दर तासाला पाहत राहा. गढूळ झाले तर माती येते आहे, लगेच वर कळवा आणि खालच्या वस्तीला हलवा.

वाळूचा उमाळा फुटला तर त्यावर पोती टाकून तो बुजवू नका. दाब दुसरीकडून फुटतो. त्याच्याभोवती पोत्यांचे गोल कडे उभारा. कड्यात पाणी चढेल तसा खालचा दाब कमी होईल. पाणी स्वच्छ यायला लागले की कडे वाढवणे थांबवा आणि वरून एक वाट ठेवून पाणी बाहेर जाऊ द्या. वाळू येणे थांबवायचे आहे, पाणी नाही.

माथ्याला पाणी भिडू लागले तर पोत्यांचा कठडा. पोते अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंतच भरा, १५ ते १८ किलो. गच्च भरलेले पोते गोल राहते आणि दोन पोत्यांत फट पडते. तोंड दुमडून खाली, पुढच्या पोत्याच्या बुडाखाली घ्या. विटांसारखे सांधे चुकवत रचा, प्रत्येक थर पायाने तुडवा. कठड्याची तळाची रुंदी उंचीच्या तिप्पट हवी. दोन फूट उंचीला मीटरमागे ६० ते ६५ पोती लागतात, म्हणजे १०० मीटरला सहा हजारांच्या पुढे. एक फूट पुरत असेल तर २५ पोत्यांत भागते. नदीकडच्या बाजूला ताडपत्री टाकून तिची खालची कड पोत्यांनी दाबा. ही पोती आणि वाळू पावसाळ्याआधी गावात हवीत. पूर आल्यावर वाळूचा ट्रक बांधावर चढवलात तर ओला बांधच खचेल.

आणि पाणी उतरू लागले म्हणून गस्त उठवू नका. नदी भराभर खाली गेली की बांधातली ओली माती तेवढ्या वेगाने निथळत नाही. तिला टेकू देणारे बाहेरचे पाणी गेलेले असते आणि नदीकडचा उतार घसरतो. पाणी ओसरल्यावर तीन-चार दिवस नदीकडच्या बाजूने माथ्याला समांतर भेगा दिसतात का ते पाहा. दिसल्या तर त्यावर प्लास्टिक अंथरून पावसाचे पाणी आत जाऊ देऊ नका आणि माथ्यावरून वाहने बंद करा. दुरुस्ती मात्र माती सुकल्यावरच करा. ओल्या भेगेत माती भरून रोलर फिरवला तर ती वरून बुजते आणि आत तशीच राहते.